सांताला तेवीस किलो

आमच्या घरी नाताळची वर्दी पोस्टमन देतो, तीही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. डब्याच्या तळाशी दिवाळीचा चिवडा, म्हणजे खरं तर चिवड्याचं मीठ आणि दोन शेंगदाणे, अजून शिल्लक असतो. दारातला आकाशकंदील उतरवायचा राहिलेला असतो. अशा बेसावध घटकेला एका मोठ्या दुकानाचं खेळण्यांचं रंगीत पुस्तक टपालपेटीत येऊन पडतं. न मागवता, फुकट. आयुष्यात फुकट मिळालेल्या वस्तूंपैकी एवढी महागात गेलेली दुसरी वस्तू माझ्या आठवणीत नाही.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ओक ट्री रोडवर एक फेरी मारली की कढीपत्ता, पापड, सोन्याच्या बांगड्या आणि ओळखीची चार माणसं मिळून जातात. त्यामुळे आपण परदेशात आहोत याचा मोठ्यांना विसर पडतो. मुलांचा प्रश्नच नाही. ती आपल्या गावातच आहेत, परदेशात फक्त आम्ही आहोत. थोरला अकराचा, धाकटी सातची. पुस्तक आलं की धाकटी जमिनीवर पालथी पडते आणि जांभळा स्केचपेन घेऊन एकेका खेळण्याभोवती गोल काढत जाते. इतक्या एकाग्रतेने मी दहावीची उजळणीही केली नव्हती. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, मी गुपचूप मोजले तेव्हा एकोणचाळीस गोल भरले. चाळिसावा शेवटच्या पानावर होता. तिथे तिने वेळ न घालवता अख्ख्या पानालाच गोल केला होता.

"पण आपण कुठे ख्रिश्चन आहोत?" माझ्या आईने विचारलं. ती ऑक्टोबरात साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती.

"आजी, सांता ते विचारत नाही," धाकटी म्हणाली. यावर आईकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे तर गेली आठ वर्षं नाही.

आता आमचं अंदाजपत्रक. डिसेंबरचं संकट या देशातल्या लोकांना फार पूर्वीच कळलेलं आहे. १९०९ साली पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने 'ख्रिसमस क्लब' नावाचं खातं काढलं. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकायचे आणि नाताळच्या तोंडावर एकदम उचलायचे. थोडक्यात भिशी, फक्त चहा-पोहे नाहीत. अशी खाती अजून मिळतात, आणि भिशी हा शब्द ऐकला की बायकोला राहवत नाही, म्हणून तिने जानेवारीत एक उघडलं. आठवड्याला पाच डॉलर, बावन्न आठवड्यांचे दोनशे साठ. ऑगस्टमध्ये गाडीचे चारही टायर एकदम बदलावे लागले आणि आमचा नाताळ टायरवाल्याने चार महिने आधी साजरा केला. तरीही आकडा आम्ही अडीचशेचाच धरला. पैसे गेले होते, पण आकड्याची सवय झाली होती. अडीचशे, दोन्ही पोरांचे मिळून, टॅक्ससकट.

टॅक्सचं मुद्दाम सांगितलं पाहिजे. न्यू जर्सीत साध्या कपड्यांवर सेल्स टॅक्स लागत नाही, खेळण्यांवर लागतो, ६.६२५ टक्के. पोरांना काय द्यावं आणि काय देऊ नये, हे इथल्या सरकारला जितकं कळतं तितकं आजी-आजोबा सोडले तर कुणालाच कळत नाही. मी हा मुद्दा थोरल्यापुढे मांडला. तो म्हणाला, "म्हणजे कपडे स्वस्त आहेत, ते तुम्ही केव्हाही घेऊ शकता. नाताळ कशाला वाया घालवायचा?"

धाकटीची यादी तयार झाली तेव्हा लक्षात आलं की याद्या दोन आहेत. पहिलीवर 'आई-बाबा' असं शीर्षक होतं. खाली तीनच बाबी: मोजे, वासाचं खोडरबर, आणि बाबांनी गाडीत शिट्टी वाजवू नये. मी गहिवरलो. लेक किती समजूतदार निघाली! मग दुसरी यादी पाहिली. ती सांताची होती आणि पानाच्या मागे जाऊन परत पुढे आली होती. निन्टेन्डो स्विच टू. शंभर डॉलरच्या वरची एक बाहुली. त्या बाहुलीचं कुत्रं, जे वेगळं विकत घ्यावं लागतं. बसायला बीन बॅग. बर्फावर घसरायची प्लास्टिकची गाडी. पतंगाएवढी रंगपेटी. आणखी बरंच.

"एवढं सगळं?"

"तुम्हाला पैसे लागतात ना, म्हणून तुमच्याकडून मी थोडंच मागितलं," ती मला धीर देत म्हणाली. "सांताला पैसे नाही लागत. एल्फ बनवतात."

"आणि त्यांना पगार कोण देतं?" आईने शेंगा सोलता सोलता विचारलं. आई चाळीस वर्षं शिक्षिका होती, पगाराचा प्रश्न ती देवालाही विचारेल.

"नाही देत कुणी."

"वेठबिगारी," आई म्हणाली आणि पुढची शेंग फोडली.

खरी अडचण इथे आहे, आणि ती खर्चाची नाही. आम्ही मराठी माणसं पोराला 'नाही' म्हणण्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेलो आहोत. 'पुढच्या महिन्यात बघू', 'पहिला नंबर आला तर', 'आहे की घरात तसलंच', अशी कितीतरी अवजारं आपल्या पेटीत असतात. पण ही सगळी बापाने वापरायची आहेत. सांताच्या तोंडी ती शोभत नाहीत. बाप कंजूष असू शकतो, दाढीवाला असू शकत नाही. म्हणजे देणारा मीच, बिल माझ्याच नावावर, पण हात आखडता घ्यायचा अधिकार तेवढा काढून घेतलेला.

स्विच टूची किंमत मी आईला सांगितली नव्हती, पण यादी तिने वाचून घेतली होती. "दोन कशाला?" तिने विचारलं. "एक आणा. दोघं मिळून खेळतील." मग टू म्हणजे दोन नग नव्हेत, दुसरी आवृत्ती, हे मी तिला समजावलं. "मग पहिली कुठे गेली?" आई म्हणाली. हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला.

माझं ऑफिस मॉरिसटाउनला आहे आणि जेवणाच्या सुट्टीत मी मॅककलॉक ॲव्हेन्यूवरून फेरी मारतो. या रस्त्यावर टॉमस नास्ट राहायचा. आज आपण सांता म्हणून जो माणूस ओळखतो त्याला पोट, दाढी आणि पत्ता देणारा चित्रकार तो हाच. 'हार्पर्स वीकली'त १८६३ च्या जानेवारीत त्याने पहिला सांता काढला, यादवी युद्धाच्या छावणीत सैनिकांना भेटी वाटणारा. पुढे १८६६ च्या चित्रात त्याने सांताला खेळणी बनवायचा कारखाना दिला, दुर्बीण दिली आणि पोरांच्या वागणुकीची नोंद ठेवायला एक चोपडी दिली. म्हणजे चित्रगुप्तच, फक्त लाल कपड्यांत आणि खिशात गोळ्या. पण माझी तक्रार वेगळी आहे. एवढी चोपडी काढलीस, तर त्यात कोण कसं वागलं याच्या शेजारी 'किंमत' असा एक रकाना आखायला काय झालं होतं? दीडशे वर्षांत किती बापांची रात्रीची झोप वाचली असती!

पण त्या घरावरून जाताना मला त्याचा पुरता राग येत नाही. नास्टने आपली सगळी पुंजी न्यूयॉर्कच्या एका दलाली पेढीत गुंतवली. १८८४ साली ती पेढी बुडाली आणि साऱ्या जगाला फुकटची खेळणी वाटणारा म्हातारा काढणारा हा माणूस स्वतः धुऊन निघाला. शेवटी पोटासाठी इक्वेडोरमध्ये वकिलातीतली नोकरी धरली आणि १९०२ च्या डिसेंबरात तिथे पीतज्वराने गेला. डिसेंबरातच, बघा. मी सँडविच संपवून परत ऑफिसला जातो आणि क्रेडिट कार्डाची शिल्लक पाहतो.

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एक चार वस्तूंचा नियम दरवर्षी फिरतो. प्रत्येक मुलाला चारच भेटी: एक हवीशी, एक गरजेची, एक अंगात घालायची, एक वाचायची. आम्हाला हा नियम फार आवडला, कारण यातल्या तीन गोष्टी आपण एरवीही घेतोच. बायकोने तो जेवणाच्या टेबलावर गंभीरपणे जाहीर केला. दहा मिनिटांत धाकटी परत आली. हवीशी: स्विच टू. गरजेची: त्यावरचा गेम, कारण गेमशिवाय स्विचचा उपयोग काय? घालायची: हेडफोन. "ते कानात घालतात ना!" आणि वाचायची: त्या गेममध्ये पुढच्या पातळीवर कसं जायचं याचं पुस्तक. नियम तिने तंतोतंत पाळला होता. बायकोने नंतर हळूच विचारलं, "ही वकील होईल का रे?" मी म्हटलं, झाली.

थोरल्याची गोष्ट निराळी. त्याला सांताचं गुपित आदल्या वर्षीच कळलं होतं आणि दोष माझाच होता. मुलांनी सांताला पत्र लिहिलं की मी डाव्या हाताने उत्तर लिहितो, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. अक्षर त्याने ओळखलं नाही. पण पत्रावर तारीख होती २४/१२. इथे आधी महिना लिहितात, मग दिवस. आणि 'फेव्हरिट' व 'कलर' या दोन्ही शब्दांत एकेक 'यू' जास्त. पत्र घेऊन तो माझ्याकडे आला आणि शांतपणे म्हणाला, "बाबा, सांता महाराष्ट्र बोर्डाचा आहे."

तेव्हापासून तो या कटात भागीदार आहे आणि भागीदारीचे भाव त्याला माहीत आहेत. गेल्या वर्षी त्याने एकच वस्तू मागितली: लेगोचं मिलेनियम फाल्कन. सात हजार पाचशे एकेचाळीस तुकडे. ८४९.९९ डॉलर. टॅक्स धरून नऊशे सहा डॉलर तीस सेंट. आईने लगेच रुपये केले. पाऊण लाखाच्या वर गेले. "एवढ्यात आपल्या घराची कौलं चाळून झाली होती," ती म्हणाली, "आणि ती कुणाला जोडत बसावी लागली नाहीत."

"नाही म्हणालात तर चालेल," थोरला म्हणाला. "पण लहान मुलांना सगळं खरं सांगायला हवं असं मला कधी कधी वाटतं."

मी हादरलो. बायको मात्र खुलली. ती पुण्याची, तुळशीबागेत वाढलेली. पाचशे म्हटलं की दीडशेला मागायचं, दुकानदार हसला की पाठ फिरवून चालू लागायचं, हे तिच्या रक्तात आहे. पोराने साडेआठशेचा आकडा घ्यायला नव्हे, उतरायला सांगितलाय, हे तिने क्षणात ओळखलं. अर्धा तास दोघं बसली. ती दोनदा उठून निघून गेली, तो एकदा. शेवटी चाळीस डॉलरचं छोटं लेगो आणि शनिवारी अर्धा तास जास्त जागायचं, यावर सौदा मिटला. "माझ्यावर गेलाय," खोलीतून बाहेर येत ती म्हणाली. चेहऱ्यावर एवढा अभिमान मी त्याच्या प्रगतिपुस्तकाच्या वेळीही पाहिलेला नाही.

राहिला सांता. त्याच्याशी घासाघीस कशी करणार? एका रात्री मला युक्ती सुचली. आई येताना तिच्या बॅगा आम्ही व्हिडिओ कॉलवर काट्याला टांगून मोजल्या होत्या. तेवीस किलोच्या वर अर्धा किलो लोणचं निघालं म्हणून झालेली रडारड धाकटीने पाहिली होती. मी तिला सांगितलं, सांताच्या गाडीलाही तेच आहे. दर घरामागे तेवीस किलो.

तिला ते एकदम पटलं. विमानाने आलेल्या घरातल्या मुलांना जगातली कुठलीही गोष्ट तेवीस किलोंवर अडते हे समजावून सांगावं लागत नाही. तिने कागद घेतला, थोरल्याला संगणकावर बसवलं आणि एकेका वस्तूचं वजन शोधायला लावलं. मी विजयी मुद्रेने चहा पीत होतो.

अर्ध्या तासाने नवी यादी आली. बीन बॅग खोडलेली. तीस डॉलरची होती, पण जड. बर्फावरची प्लास्टिकची गाडी खोडलेली, वीस डॉलर. रंगपेटीही गेली. स्विच टू मात्र दिमाखात पहिल्या नंबरावर होता. जेमतेम अर्धा किलो, चारशे एकोणपन्नास डॉलर नव्व्याण्णव सेंट. माझ्या डोळ्यांदेखत तिने यादीतली सगळी स्वस्ताई वजनात काढून टाकली होती. वर म्हणाली, "बाबा, अजून खूप किलो उरले. थोडं सोनं पण बसेल का आजीसाठी?"

मॉलमधल्या सांताच्या मांडीवर बसल्यावर तिने हेच सांगितलं. मी त्याच्या मागे उभा राहून दोन्ही हातांनी नको-नको अशा खुणा करत होतो, लिलावात चुकून हात वर गेलेल्या माणसासारख्या. म्हातारा अनुभवी होता. "मी प्रयत्न करेन, पण शब्द देत नाही," तो म्हणाला. त्या माणसाला निवृत्तीनंतर सरपंच करावं.

घरी आल्यावर माझा तोल गेला आणि मी ते भाषण दिलं. तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्या लहानपणी असं नव्हतं, वर्षात एकदा कपडे, तेही एकाच ताग्यातले, जे मिळेल त्यात आनंद, मागणं म्हणजे काय ते आम्हाला माहीतही नव्हतं...

"खोटं बोलू नकोस पोरांपुढे," आई म्हणाली.

मग तिने सांगितलं. मी अकरा वर्षांचा होतो, गणपती बसले होते. आरतीनंतर पाट जरा सरळ करायला गेली तर खाली चौघडी घातलेली चिठ्ठी. 'बाप्पा, मला व्हिडिओ गेम दे. बाबांना सांगू नकोस, ते नाही म्हणतील.'

थोरला एवढा हसला की त्याला ठसका लागला. धाकटी हसली नाही. तिने व्यवहाराचं विचारलं, "मग दिला?"

"दिला की. दिवाळीनंतर. त्या वर्षी तुझ्या आजोबांनी सायकलचे टायर बदलायचे राहू दिले."

मला व्हिडिओ गेम आठवत होता. टायरचं पहिल्यांदाच ऐकत होतो. आईने डबा उघडून चिवड्याचं मीठ एका वाटीत काढलं, आमटीला चालेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी एका तेलुगू सहकाऱ्याला विचारलं. त्याच्या मुलाने नवा स्विच घेतला होता, जुना, २०१७ च्या पहिल्या आवृत्तीतला, कपाटात पडून होता. शंभर डॉलर आणि आईच्या हातच्या भाजणीच्या चकल्यांचा एक डबा, असं ठरलं. आईचा प्रश्न अगदी बरोबर होता: पहिली कुठे गेली? ती कुणाच्या तरी कपाटात असते.

चोवीस डिसेंबरच्या रात्री सांतासाठी दूध आणि बिस्किटं ठेवायची पद्धत आहे. "एवढ्या गारठ्यात गार दूध?" असं म्हणत आईने आलं घालून थर्मासभर चहा ठेवला आणि शेजारी खारी. अकरा वाजता मी तो प्यायलो, खारी खाल्ली, ताटलीत थोडा चुरा मुद्दाम सांडला आणि बायकोने मागच्या वर्षीचा जपून ठेवलेला कागद इस्त्री करून खोकं बांधलं. पत्रात या वेळी तारीख घातलीच नाही.

सकाळी कागद फाटला, किंकाळी उठली. दोनची मागितली होती आणि एकची आली हे तिच्या लक्षात आलं, पण तिने तेही तेवीस किलोंत बसवून घेतलं. "टू पुढच्या ट्रिपला," ती म्हणाली. मग यंत्र सुरू केलं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आधीच्या मालकाचं खेळातलं नाव झळकलं: डोसाकिंग.

खोलीत शांतता पसरली. सहकारी जुनं खातं पुसायला विसरला होता.

"हा डोसाकिंग कोण?"

थोरल्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पुढच्या नाताळचा दर स्पष्ट दिसत होता. मी काही बोलायच्या आत धाकटीनेच कोडं सोडवलं. तिचा चेहरा गंभीर झाला, आवाज खाली आला. "म्हणजे तो वाईट वागला," ती म्हणाली. "सांताने त्याच्याकडून काढून घेतला." आई पुढे होऊन म्हणाली, "असंच असणार." चाळीस वर्षं शिक्षिका!

जानेवारीत आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सहकाऱ्याची बायको आली, बरोबर त्यांचा बारा वर्षांचा मुलगा. मुलं खालच्या खोलीत खेळायला गेली. थोड्या वेळाने स्विचवर कुणाचं काय नाव आहे अशी चर्चा निघाली असावी, कारण वर ऐकू येईल एवढ्या मोठ्या आवाजात तो म्हणाला, "मी डोसाकिंग."

मी जिन्यावर थिजून उभा राहिलो. खाली धाकटीने तिळगुळाची वाटी उचलली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. सगळ्यांना एकेक लाडू दिला होता, त्याच्या हातावर तिने दोन ठेवले.

"घे," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि या वर्षी नीट वाग."